गुणाची पोर

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. कोणाची, ते मला नीट सांगता येणार नाही. ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनीच दैनंदिनी लिहावी, अशी माझी समजूत आहे. माझ्या नावावर एवढेच की मी रश्मी, वय एकोणीस, पोंभुर्णा तालुक्यातल्या एका जंगलकाठच्या गावची, आणि बारावीला तालुक्यात पहिली आले. तेही कोणी चारचौघांत काढले की मी आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आहे. तिच्यासाठी हे वर्ष घरीच अभ्यासाला घेतले आहे. ही डायरी प्रफुलदादाने घुग्घुसहून आणली. दादा तिथल्या खाणीत डंपर चालवतो आणि सुटीला मोटारसायकलने घरी येतो. "गणितं सोडवायले घे," म्हणाला होता. मी तिचा भलताच उपयोग करीत आहे, तेव्हा त्याचीही क्षमा.

लिहावेसे वाटले त्याचे कारण माझ्या उशाशीच निजले आहे. गेल्या रविवारी करुणावहिनीला मुलगी झाली. वहिनीला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडे झाले. मला भीती होती की दीड खोलीच्या या घरात आता अभ्यास कसला होणार. पण बाळ इतके समजूतदार आहे की मला माझ्याच भीतीची लाज वाटते. दुधासाठीसुद्धा तिला उठवावे लागते. आई सगळ्यांना सांगते, "पाय व, कशी गुणाची पोर हाये. आपल्या आत्याची परीक्षा हाये, हे पोटातूनच आयकून आली."

मी कृतज्ञ आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज नाव ठेवले. दादाच्या मनात इंग्रजी वळणाचे काहीतरी होते, बाबांनी 'विशाखा' सुचवले. बुद्धवंदना झाली, गोडधोड वाटून झाले, आणि या सगळ्या गलक्यात विशाखाताई झोपून राहिल्या. लाउडस्पीकर अगदी पाळण्याजवळ होता, तरी पापणी हलली नाही.

शेजारची बुधरीबाई मोहाची वाळवलेली फुले घेऊन आली होती. तिने बाळाला मांडीवर घेतले आणि म्हणाली, "बापा! किती जड व. आमचा सुकलू असा होता का, तीन महिने सारा मोहल्ला जागवला मेल्यानं. देवाजीभाऊ, तुमच्या घरी देवानं माणूस नाई, गादी पाठवली." सगळे हसले. बाबाही हसले. देवाचे नाव घेतले की ते एरवी कपाळाला आठी घालतात.

२ डिसेंबर, मंगळवार

आज अंतःस्रावी ग्रंथींचे प्रकरण तिसऱ्यांदा वाचले. परीक्षेसाठी इंग्रजी नावे पाठ करावी लागतात, परंतु शाळेच्या वाचनालयातल्या जुन्या मराठी ग्रंथातून मी जे शब्द वेचून ठेवले आहेत त्यांचा मोह सुटत नाही. थायरॉइडला तिथे 'अवटू ग्रंथी' म्हटले आहे. तिच्या स्रावाच्या अभावाने अर्भकाची वाढ व बुद्धी खुंटते, त्या विकाराला 'जडवामनता' म्हणतात. किती घट्ट बांधलेला शब्द आहे! एका शब्दात शरीरही आले आणि मनही. बारावीच्या चाचणीत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. सरांनी उत्तर वर्गात वाचून दाखवले होते, आणि मी बाकाखाली पडलेले पेन बराच वेळ शोधत राहिले होते.

विशाखा दिवसभर झोपली. बाकी सर्व ठीक. कांती थोडी पिवळसर आहे म्हणून आई तिला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरते. बेंबी जरा फुगली आहे, त्यावर आईने नाणे ठेवून पट्टी बांधली. शी चार-चार दिवसांनी होते, त्यामुळे लंगोट धुण्याचाही त्रास नाही. जिभेचे टोक नेहमी बाहेर असते. बाबा म्हणतात, आत्याच्या अभ्यासाला वेडावून दाखवते.

एका बैठकीत दोन प्रकरणे झाली. एवढे शांत बाळ घरात दिल्याबद्दल कोणाचे आभार मानावेत?

१४ डिसेंबर, रविवार

थंडी वाढली आहे. बाळाचे हातपाय गार लागतात म्हणून वहिनी तिला दोन दुपट्ट्यांत गुंडाळते. दूध पिता पिता ती दमते आणि झोपते. वहिनीने आज विचारले, "रश्मीताई, हे माह्याकडं पायत काऊन नाई?" मी म्हटले, लहान बाळांची नजर उशिरा स्थिर होते, मी वाचले आहे. तिला धीर आला. वाचनाचा कोणाला तरी उपयोग झाला याचे मला फार समाधान वाटले.

२४ डिसेंबर, बुधवार

काय घडले ते क्रमाने लिहिते.

दीड महिन्याची लस द्यायची म्हणून आम्ही तिघी आरोग्य केंद्रात गेलो. नव्या डॉक्टर आल्या आहेत, डॉ. मंडल. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावातल्या. मराठी शाळेत शिकलेल्या, त्यामुळे मराठी स्वच्छ बोलतात, फक्त 'स' कधीकधी 'श' होतो. सिस्टरने विशाखाच्या मांडीत सुई टोचली. शेजारचे बाळ सुई दिसताच किंचाळले होते. विशाखाने सुई बाहेर निघाल्यावर, जरा थांबून, तोंड वेडेवाकडे केले आणि रडली. जाड, घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा आवाज.

टेबलापाशी लिहीत बसलेल्या डॉक्टरांनी मान वर केली. "हे बाळ रडले का आत्ता?"

आई कौतुकाने म्हणाली, "हो जी. कधी रडत नाई हो बाई, आजच आवाज आयकला तुम्ही. लय गुणाची हाये."

"इकडे आणा."

त्यांनी दुपटे सोडले. पोट पाहिले, नाणे काढून बाजूला ठेवले, जीभ पाहिली, टाळूवर बोटे फिरवली, तळपायाला हात लावला. मग मलाच विचारले, कारण बाळाच्या लसींचे पुस्तक मी हातात धरून होते. किती झोपते, शी किती दिवसांनी, कावीळ कधीपासून. मी एकेका प्रश्नाचे अचूक उत्तर दिले. अगदी परीक्षेत द्यावे तसे. आणि शेवटचे उत्तर देता देता माझ्या तोंडून तो शब्द आपोआप बाहेर पडला.

"जडवामनता?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "हा शब्द मी शाळेनंतर ऐकला नव्हता. आता तो वापरत नाहीत. तुझ्या घरात तर कधीच वापरू नकोस." मग हळू म्हणाल्या, "पण तू बरोबर ठिकाणी आलीस. उद्या नाताळची सुटी आहे. शुक्रवारी पहाटे चंद्रपूरला जा, मी चिठ्ठी देते आणि फोनही करते. रक्त तपासू."

सगळी लक्षणे मला पाठ होती. दीड महिना मी तिच्या पाळण्याशेजारी बसून ती पाठ करीत होते.

२७ डिसेंबर, शनिवार

तपासणीत तेच निघाले. अवटू ग्रंथी जवळजवळ कामच करीत नाही. बहुधा ती जन्मतःच नीट घडलेली नाही. सगळे पुन्हा डॉ. मंडलांसमोर बसलो. दादा खाणीतून सरळ आला होता, कपड्यांवर कोळशाची भुकटी तशीच. वहिनीने पहिलाच प्रश्न विचारला, तो ऐकून मला रडू आले. ती म्हणाली, "मी गरोदरपणात काय खाल्लं म्हून झालं, जी?"

"काहीही नाही. तुम्ही खाल्लेल्याने नाही, पाहिलेल्याने नाही, कोणाच्या बोलण्याने नाही. गळ्यातली एक लहानशी ग्रंथी घडली नाही. इतकेच."

मग त्या आईकडे वळल्या. "आजी, चुलीत लाकूड आहे, निखारा आहे, पण फुंकणी नाही. काय होईल?"

"धूर होईन. जाळ नाई धरत."

"तसेच आहे. दूध पोटात जाते, पण त्याची ऊब होत नाही. म्हणून गार पडते, झोपते, पोट साफ होत नाही. आणि पहिली दोन-तीन वर्षे मेंदू घडत असतो, त्यालाही हा जाळ लागतो. ती फुंकणी आपण गोळीतून द्यायची. रोज. दूध पाजण्याआधी, सकाळी, चमच्यात चुरून, आईच्याच थोड्या दुधात. लोहाचे किंवा कॅल्शियमचे औषध त्यासोबत नाही."

बाबांनी विचारले, "किती दिवस?"

"तीन वर्षांनी पुन्हा तपासू. पण बहुधा जन्मभर."

आई एकदम म्हणाली, "पोरीची जात हाये हो बाई."

"म्हणूनच सांगते. गोळी घेतली तर ती शाळेत जाईल, लग्न करायचे तर करील, नाही करायचे तर तुमच्याशी भांडेल. शहरांतल्या काही दवाखान्यांत जन्मताच टाचेतून थेंबभर रक्त घेऊन हे शोधतात. आपल्याकडे उशीर झाला. फार उशीर नाही. पण किती भरून निघेल, याचे वचन मी देणार नाही."

वचन न देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवावासा वाटतो, हे मला आज कळले. निघताना त्यांनी मला स्वतःचा फोन नंबर दिला. "काही वाटले तर कळव. लिहून पाठवलेस तरी चालेल. तू बोलण्यापेक्षा लिहिणारी दिसतेस."

२८ डिसेंबर, रविवार

आज पहिली गोळी. दोन चमच्यांच्या मध्ये चुरली. वहिनीने दूध काढून दिले, मी चमचा धरला, आईने डोके. विशाखाने अर्धी जिभेने बाहेर ढकलली, ती आम्ही पुन्हा आत घातली. इतकी इवलीशी गोळी आहे की शिंकले तर उडून जाईल. बुधरीबाई दारातून म्हणाली, "एवढुशा गोळीत फुंकणी बसली व?"

१० जानेवारी २०२६, शनिवार

दोन आठवड्यांनी रक्त तपासले. डॉक्टरांच्या तोंडावर हसू होते. पिवळेपणा गेला. रोज शी होते. लंगोट सुकायला दोरी पुरत नाही आणि वहिनी दोरीकडे पाहून हसते. आज विशाखाने मला पाहिले. म्हणजे तिचे डोळे माझ्या डोळ्यांपाशी आले आणि तिथेच राहिले. मी जागची हलले नाही.

२१ जानेवारी, बुधवार

रडते! दुपारी रडते, तिन्हीसांजेला रडते, भूक लागली की रडते, भूक भागली की रडते. आवाजातला घोगरेपणा गेला असून आता तो आवाज पितळी ताटलीवर चमचा मारावा तसा आहे. भौतिकशास्त्राचे एक उदाहरण मी पाच वेळा सुरू केले. दादा रात्रपाळी करून आला, त्याला दिवसा झोप मिळाली नाही, म्हणाला, "हिच्यापेक्षा खाणीत झोपलो असतो तं बरं झालं असतं, तिथी ब्लास्टिंग तरी टाइमावर होते."

आई मात्र काळजीत आहे. "गोळीनं बिघडली पोर," असे दोनदा पुटपुटली.

२६ जानेवारी, सोमवार

सराव परीक्षेत गुण फार कमी आले. मी कोणाला सांगितले नव्हते, पण आईने माझे तोंड पाहून ओळखले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू अभ्यास कर. सकाळची गोळी उद्यापासून मी देतो. करुणालेही झोपू दे जराशी. मी उठतोच नाई तरी पाच वाजता."

आईला अक्षर ओळखता येत नाही, पण माझ्या प्रत्येक पुस्तकाला तिने हाताने कव्हर घातले आहे. अशी आई असताना मी आणखी काय मागावे?

३ फेब्रुवारी, मंगळवार

विशाखाला आता सवय झाली असावी. रडणे कमी झाले आहे. आज सलग चार तास अभ्यास झाला. सेंद्रिय रसायनाचा मोठा भाग संपला. आईचे आभार.

९ फेब्रुवारी, सोमवार

सराव परीक्षेत आतापर्यंतचे सर्वांत चांगले गुण. घर शांत आहे. दादा म्हणाला, रविवारी इतका झोपलो की जेवायला उठवावे लागले. विशाखाही झोपते. सगळ्यांच्या अंगावरून जणू ओझे उतरले आहे. डॉ. मंडलांना कळवावेसे वाटते की सर्व उत्तम आहे. पण विनाकारण त्यांचा वेळ घेणे बरे दिसत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी लिहायला बसले. पहिले वाक्य असे लिहीत होते : 'विशाखा पुन्हा पूर्वीसारखी गुणाची'. पुढचा शब्द लिहिण्याआधीच पेन थांबले.

उठून पाळण्यापाशी गेले. बाहेर ऊन तापायला लागले आहे, बाबा उघड्या अंगाने ओट्यावर बसले होते. विशाखाच्या तळपायाला हात लावला. गार. जिभेचे टोक ओठांबाहेर. मी टाळी वाजवली. तिने डोळे उघडले, माझ्या बाजूला पाहिले आणि मिटले.

आई चुलीपाशी होती. मी दारात उभी राहिले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "आई, गोळी देतेस नं तू?"

आईने पीठ मळणे थांबवले नाही. "काऊन विचारतं?"

"देतेस का?"

"नाई देत." मग वळली. "बंद केली. काय झालं? मेली का पोरगी? निवांत झोपून राह्यली, तुले अभ्यास करू देऊन राह्यली. जनावरासारखी बोंबले दिवसभर. मी तिच्या छातीले हात लावून पायलं, कशी धडधड करे! एवढ्याशा जिवाची. गोळीचा गुण नाई आला व, अवगुण आला."

दादा खाटेवरून उठून बसला. "आईनं दोन लेकरं वाढवली, रश्मे. तिले काही समजत असंन नं."

एरवी मी इथेच मागे फिरले असते. पण मागे जाऊन उभी राहायला आज आईची पाठ नव्हती, ती माझ्यासमोर होती. मी म्हणाले, आणि घरात आम्ही जसे बोलतो तसेच म्हणाले, "आई, थे बिघडली नव्हती. थे जागी झाली होती. आता पुन्हा थंडी होऊन राह्यली. हात लावून पाय."

"तुह्यासाठीच केलं नं मी! रडत होतं तू त्या कागदाले धरून. मले दिसत नाई का?"

माझ्या गुणांसाठी आईने ते केले होते आणि मी डायरीत आभार मानले होते.

तेव्हा कोपऱ्यातून वहिनी बोलली. सासूपुढे तिला मोठ्याने बोललेले मी कधी ऐकले नाही, आताही मोठ्याने नव्हते. "थे रडे तवा मले वाटे, थे मले बोलावून राह्यली. पहिल्यांदाच बोलावत होती. दहा-बारा दिवस झाले, बोलावत नाई. मी उगीच जवळ जाऊन बसतो."

बाबा ओट्यावरून आत आले. "रश्मी, लाव डॉक्टरीनबाईले फोन."

"बाबा, आज रविवार—"

"लाव."

मी आयुष्यात प्रथमच एखाद्या मोठ्या माणसाला स्वतःहून फोन केला. हातपंपाजवळ नेटवर्क मिळते म्हणून सगळे घर हातपंपापाशी. मी सांगितले ते कसे सांगितले मला आठवत नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "आजीला फोन दे."

आईने फोन दोन्ही हातांनी धरला. "हो जी... हो... नाई, रागावू नका तुम्ही... अवो, मी काऊन मारीन तिले, माह्यी नात हाये थे! ...हो, धडधड करे. लय जोरात. ...असं? ...असं का? मंग आधी काऊन नाई सांगितलं?" बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं. रडू दे मंग," आणि फोन उलटा धरून माझ्याकडे दिला.

डॉक्टर मला म्हणाल्या, "आजीने बंद करायला नको होती. पण छातीला हात लावून पाहिले, हे चांगले केले. गोळीचे प्रमाण जास्त झाले तरी धडधड होते. रक्त तपासून कमी करता येते. बंद कधीच नाही. गोळी आत्ता द्या. उद्या चंद्रपूर." मग म्हणाल्या, "आणि रश्मी, असे काही दिसले की आधी मला लिही. माझा वेळ हा तुझ्या काळजीचा विषय नाही."

गोळी आईनेच चुरली. एक कण सांडू दिला नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रक्ताचा अहवाल वाईट आहे. जे सुधारले होते ते पुष्कळ मागे गेले. किती नुकसान झाले, मी विचारले. डॉक्टर म्हणाल्या, "माहीत नाही. ती वाढेल तेव्हा कळेल. मान कधी धरते, बसते कधी, पहिला शब्द कधी, हे पाहत जायचे. मान धरली की कळव. इतर बाळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात धरतात. हिला उशीर लागेल. पण फारच लागला तर मला काळजी वाटेल."

प्रमाण जरासे बदलून दिले आहे. आईने विचारले, "धडधड कवा मोजू?" डॉक्टरांनी तिला मोजायला शिकवले. आईला शंभरापर्यंत मोजता येते, पुढचे बाबा मोजतात.

१ मार्च, रविवार

पुन्हा रडते. देवाचे नसले तरी कोणाचे तरी आभार! बुधरीबाई येऊन म्हणाली, "गादीले आवाज फुटला व पुन्हा." आई तिच्यावर खेकसली, "गादी कोणाले म्हणतं? तुह्या सुकलूपेक्षा वरचा सूर हाये तिचा."

मी मोहाच्या झाडाखाली जाऊन वाचते. फुले वेचणाऱ्या बायांना माझी अडचण होते, तरी त्यांतली कोणी मला उठवत नाही.

१७ मार्च, मंगळवार

हसली. वहिनीकडे पाहून. वहिनीने घागर तशीच खाली ठेवली आणि भरली घागर लवंडली. पाणी पार चुलीपर्यंत गेले. आईने न रागावता पाणी पुसून घेतले.

२९ मार्च, रविवार

चार महिने उलटून गेले. मान अजून लुळी आहे. वहिनी तिला रोज पोटावर पालथे घालते, समोर पितळी वाटी वाजवते. विशाखा नाक चादरीत खुपसून रडते. आज दादाने विचारले, "रश्मे, खरं सांग. थे गोळी बंद होती नं, त्यानं झालं का?" मी खरे सांगितले, की मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. आई भाजी निवडत होती. तिने ऐकले. तिने निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

आईला दोष देणारे कोणी घरात नाही, आणि तिला ते पुरत नाही. माझ्यासारखेच.

६ एप्रिल, सोमवार

मी नापास होईन की पास होईन, याचा विचार आज दिवसभर मनात आला नाही. हे चांगले की वाईट? अभ्यास मात्र झाला. विशाखा माझ्या मांडीवर होती आणि मी तिला मोठ्याने वाचून दाखवत होते. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हते. वहिनी म्हणाली, रश्मीताई, सडकेवर आयकू जाते.

१३ एप्रिल, सोमवार

उद्या जयंती. सकाळपासून मुले चौकात निळ्या पताका लावत होती. दुपारी चारच्या सुमारास त्यांनी लाउडस्पीकर तपासायला सुरुवात केली. आई ओट्यावर बसली होती, विशाखा तिच्या मांडीवर पालथी. मी शेजारी.

"हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग," असा कानठळ्या बसवणारा आवाज झाला, आणि आई पोरांना शिवी द्यायला तोंड उघडणार तोच गप्प झाली. विशाखाने दोन्ही मुठी आईच्या मांडीत रोवल्या होत्या. डोके वर उचलले होते. ते थरथरत होते, बाजूला कलत होते, पुन्हा सावरत होते. पण वर होते. ती आवाजाच्या दिशेने पाहत होती, कपाळाला आठ्या घालून, अगदी बाबांसारख्या.

आई हलेना. कुजबुजत म्हणाली, "करुणे! करुणे, धावत ये, पण आवाज नको करू!"

वहिनी आली, बाबा आले. वर चौकातून पुन्हा "हॅलो". मान खाली पडली नाही. मग थकून पडली, आणि विशाखा संतापून इतकी मोठ्याने रडली की चौकातल्या एका पोराने माइकवरूनच विचारले, "देवाजीकाका, कोणाचा आवाज हाये हो?"

आई उठून उभी राहिली. नातीला खांद्यावर घेतले, पदर सावरला, आणि सडकेकडे तोंड करून ओरडली, "माह्या नातीचा! अजून मोठा लाव तुहा भोंगा!"

मग माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "पायतं काय? लिही तिले. डॉक्टरीनबाईले."

मी पाच-सहा वाक्यांचा मजकूर रचला, शुद्ध, आभारप्रदर्शनासहित. आईने वाचून दाखवायला सांगितले आणि म्हणाली, एवढं कोण वाचते, तिले इतर पेशंट नाई का. म्हणून सगळे खोडले. हातपंपापाशी उभी राहून, खांद्यावर रडणाऱ्या भाचीला घेऊन, एका हाताने जे लिहिले ते असे :

'मॅडम, विशाखाने आज मान धरली. गोळी आई देते. आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत. ती फार रडते.'

पाठविले : सोमवार, १३ एप्रिल २०२६, सायंकाळी ५ वाजून ४२ मिनिटांनी.